हसू नका, पासपोर्टचा फोटो आहे

राईत काय मिळत नाही? शुक्रवारच्या बाजारात सतरंजीपासून सायकलीपर्यंत आणि कबुतरापासून कपाटापर्यंत सगळे आहे. रोपवाटिकांत मोगरा मिळतो, नेटाने शोधले तर तुळशीचे रोपही हाती लागते. २००७ पासून अ‍ॅव्हेन्यूज आहे; तिथे एकदा शिरलेला नवरा सोडून बाकी सगळे सापडते. पण गेल्या दोन महिन्यांत राईत, फरवानियात, अब्बासियात, साल्मियात, जिथे म्हणून चार मराठी माणसे भेटली, तिथे एकच गाऱ्हाणे ऐकू आले: "पासपोर्टचा फोटो परत आला हो!"

तुमचाही आला असेल, किंवा पुढच्या वर्षी येईल. म्हणून फराळाचे ताट बाजूला ठेवून दहा मिनिटे हे वाचा. दुसऱ्या पिढीतल्या वाचकांना सलग मराठी वाचायचा कंटाळा येत असेल, तर त्यांनी आईला मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. नाहीतरी घरातले सगळे अर्ज तुम्हीच भरता, तेव्हा ही माहिती तुमच्याच कामाची आहे.

बदल असा झाला. परदेशातून भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करताना आपण वर्षानुवर्षे चौकोनी फोटो देत आलो: दोन इंच रुंद, दोन इंच उंच, मागे पांढरे. १ सप्टेंबर २०२५ पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयसीएओच्या, निकषांत बसणारा फोटोच स्वीकारला जातो. अर्जासोबत अपलोड करायच्या फोटोचे माप ६३० गुणिले ८१० पिक्सेल. रंगीत फोटो, पांढरी पार्श्वभूमी, डोके आणि खांद्यांचा वरचा भाग एवढेच दिसायला हवे. आणि चेहऱ्याने फोटोचा ८० ते ८५ टक्के भाग व्यापायला हवा. खरी मेख या शेवटच्या वाक्यात आहे.

गणित करून पाहू. ६३० आणि ८१० यांचे प्रमाण तेच, जे ३५ आणि ४५ मिलिमीटरचे. भारतात, युरोपात चालणारा तो उभा फोटो. ४५ मिलिमीटर उंचीच्या ८० टक्के म्हणजे ३६ मिलिमीटर आणि ८५ टक्के म्हणजे जेमतेम ३८. म्हणजे केसांच्या टोकापासून हनुवटीपर्यंत चेहरा छत्तीस ते अडतीस मिलिमीटर भरला पाहिजे. आता तुमच्याकडे उरलेला जुना चौकोनी फोटो घ्या आणि पट्टी लावा. डोके साधारण तीस मिलिमीटर भरेल. तो कात्रीने कापून उभा केला, तरी तीस मिलिमीटरचा चेहरा ४५ मिलिमीटरच्या चौकटीत दोन तृतीयांशच राहतो. चौकट बदलली, चेहरा लहानच राहिला. "जुनाच कापून दिला, तरी परत का आला?" या प्रश्नाचे उत्तर हे आहे. उरलेले जुने फोटो अल्बममध्ये चिकटवा आणि नवा काढा.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना हे सांगायला जाल, तर ते तुमच्याकडे विचित्र नजरेने पाहतील. तिकडे पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जदाराला खुर्चीवर बसवून तिथल्या तिथे फोटो काढतात. चार वर्षांखालच्या मुलांचा तेवढा घरून न्यावा लागतो. त्यामुळे फोटोत चूक झाली तरी ती केंद्राची, आणि तिथेच दुरुस्त होते. आपल्या बाबतीत मात्र फोटो बरोबर आणायची जबाबदारी आपली, आणि तो चुकला तर हेलपाटाही आपलाच.

हेलपाट्याची किंमत सगळ्यांना सारखी पडत नाही. ऑफिसात बसणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत जाऊन येतो. राईतल्या शोरूमच्या गोदामात किंवा गॅरेजमध्ये उभा असणारा माणूस अर्ध्या दिवसाची सुट्टी मागतो आणि तेवढा पगार सोडतो. याच सप्टेंबरातली गोष्ट. चिपळूणकडचा एक ड्रायव्हर, आमच्या चांगल्या ओळखीचा. पासपोर्ट संपत आलेला, म्हणून इकामा वाढत नव्हता. इकामा वाढवल्याशिवाय गावी गेला असता तर परत यायचा भरवसा नव्हता. आणि गावी आई अंथरुणावर. पहिला फोटो चौकोनी म्हणून परत आला. दुसऱ्यात त्याने पांढराशुभ्र शर्ट घातला होता. खांदे पार्श्वभूमीत विरघळून गेले आणि नुसते मुंडके तरंगत राहिले. तिसऱ्या खेपेला फोटो बसला. एकेका फोटोपायी सुट्टी मागणे, बस पकडणे, पुन्हा रांग, यांत बारा दिवस गेले. तो पोहोचला तेव्हा आई होती, पण तिची वाचा गेलेली होती.

फोटोचे एवढे स्तोम कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. पूर्वी पासपोर्टवर फोटोच नसायचा. उंची, डोळ्यांचा रंग, नाकाची ठेवण असे वर्णन लिहीत. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी कार्ल लोडी नावाचा जर्मन हेर एका अमेरिकन प्रवाशाच्या खऱ्याखुऱ्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये हिंडला. नोव्हेंबर १९१४ मध्ये त्याला लंडनच्या टॉवरमध्ये गोळ्या घातल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून अमेरिकेने पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला. ब्रिटनने १९१५ मध्ये तेच केले. सुरुवातीच्या त्या फोटोंत लोक हॅट घालूनसुद्धा बसत. आपल्यापैकी ज्येष्ठांना हाताने लिहिलेले निळे पासपोर्ट आठवत असतील: डिंकाने चिकटवलेला फोटो आणि त्याच्या कोपऱ्यावर शिक्का. आयसीएओने २४ नोव्हेंबर २०१५ ही मुदत घालून जगभरातले ते यंत्राला न वाचता येणारे पासपोर्ट बाद ठरवले.

आता पुढची पायरी आली आहे. चिप असलेला ई-पासपोर्ट भारतात २०२४ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला, आणि सुरुवातीच्या ठिकाणांत आपले नागपूर आणि शेजारचा गोवा होता. या चिपमध्ये तुमचा फोटो साठवलेला असतो. विमानतळावरचे यंत्र समोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा घेते आणि चिपमधल्या चेहऱ्याशी ताडून पाहते. यंत्राला तुमची ओळख पटते ती डोळ्यांमधले अंतर, नाकाची लांबी, ओठांची रेघ, जबड्याची कड अशा मोजमापांतून. हसलात की ओठ ताणले जातात, गाल वर जातात, डोळे बारीक होतात. सगळी मापे हलतात. म्हणून हसायचे नाही. चष्म्याच्या काचेवर दिव्याची तिरीप पडली की डोळा दिसत नाही, म्हणून चष्मा काढायचा. गालावर सावली पडली की जबड्याची कड हरवते, म्हणून उजेड सारखा हवा. नियम खडूस वाटतात खरे, पण प्रत्येकामागे कारण आहे, आणि कारण समजले की नियम पाठ करावा लागत नाही.

जाता जाता एक गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी. पासपोर्टची पुस्तिका छापली जाते नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. तेव्हा तुमचा चेहरा कुवेतचा असला, तरी त्याखालचा कागद गोदाकाठचा आहे.

आता घरी फोटो कसा काढायचा ते पाहू. स्टुडिओत गेलात तर उत्तमच, पण आत शिरताच "इकामा की पासपोर्ट?" असे विचारतील, तेव्हा गडबडू नका. इकामा, लायसन्स या इथल्या कामांसाठी निळ्या पार्श्वभूमीचा फोटो वर्षानुवर्षे चालत आला आहे. आपल्या पासपोर्टला पांढरीच लागते. "इंडियन पासपोर्ट, नवीन माप, ६३० बाय ८१०" असे स्पष्ट सांगा, आणि छापील प्रतीबरोबर मूळ फाइल मोबाइलवर मागून घ्या. फाइल न देणाऱ्या स्टुडिओत पुन्हा जाऊ नका, हे माझे वैयक्तिक मत.

घरी काढणार असाल तर भिंतीपासून सुरुवात. कुवेतच्या भाड्याच्या फ्लॅटमधली भिंत आपल्याला पांढरी वाटते, पण ती बहुधा दुधी किंवा पिवळसर असते. तिच्यावर पांढरा चार्ट पेपर टेकवा आणि शेजारी उभे राहून फरक बघा. दोन मोठे कार्डशीट चिकटपट्टीने जोडले की काम होते. चादर लावायची तर इस्त्री केलेली. चुणी दिसली की ती सावलीसारखी दिसते. त्या कागदाच्या दोन-तीन फूट पुढे उभे राहा. भिंतीला पाठ टेकवून उभे राहण्याची आपल्याला सवय आहे, आणि नेमके त्यामुळे कानामागे काळी सावली उमटते. पुढे सरकलात की सावली खाली जमिनीवर पडते आणि फोटोत येत नाही.

उजेड खिडकीचा घ्या, तोही समोरून. छतावरची ट्यूबलाइट डोळ्यांखाली खड्डे पाडते आणि तिशीतल्या माणसाला पन्नाशीचा करते. आपल्याकडे उन्हाची कमतरता नाही, उलट ते जास्तच आहे; थेट ऊन चेहऱ्यावर आले तर डोळे मिटतात आणि नाकाची सावली ओठावर येते. ऊन थेट आत न येणारी खिडकी शोधा, सकाळी नऊ-दहाची वेळ धरा, आणि पातळ पांढरा पडदा ओढून घ्या. हवेत धूळ असेल त्या दिवशी नको. सगळा फोटो चहासारखा दिसतो. एक युक्ती सांगते: ज्याचा फोटो काढायचा त्याने छातीच्या खाली, चौकटीबाहेर, एक पांढरा कागद आडवा धरावा. खालून उजेड परततो आणि हनुवटीखालची सावली जाते.

सेल्फी काढू नका. हे दोनदा लिहावेसे वाटते. आपल्या नाकाचे टोक कानांपेक्षा दहा-बारा सेंटीमीटर पुढे असते. मोबाइल हातभर, म्हणजे चाळीस सेंटीमीटरवर धरला तर कान कॅमेऱ्यापासून बावन्न सेंटीमीटरवर जातात, आणि नाक कानांच्या मानाने तीस टक्क्यांनी मोठे येते. दीड मीटरवरून तोच फरक आठ टक्क्यांवर उतरतो. नियमांत दीड मीटर अंतर सांगितले आहे ते उगीच नाही. म्हणून मोबाइल दुसऱ्याच्या हाती द्या, मागचा कॅमेरा वापरा, तो डोळ्यांच्या उंचीवर धरा. घरातल्या उंच मुलाने वरून काढला तर कपाळ मोठे येते. लहान मुलीने खालून काढला तर नाकपुड्या. आणि फोटो काढताना कडेने भरपूर जागा सोडा; चेहरा ८० टक्के भरेल असे कापायचे काम नंतर.

कापणे म्हणजे नुसते कापणेच. चेहऱ्यावर संगणकाचा हात फिरायला परवानगी नाही. हल्ली फारच लोक इथे अडकतात, कारण अनेक मोबाइल न विचारताच त्वचा गुळगुळीत करतात, गाल आत घेतात, रंग उजळवतात. सेटिंगमध्ये जाऊन ब्यूटी किंवा पोर्ट्रेट बंद करा. पार्श्वभूमी पांढरी करून देणारी अ‍ॅपही टाळा. ती केसांच्या कडा कुरतडतात आणि कानाचा तुकडा खातात. स्टुडिओवालाही प्रेमाने तुमचा तीळ पुसून टाकतो. त्याला हात जोडून सांगा, बाबा रे, तीळ राहू दे. विमानतळावर मी तो घेऊनच जाणार आहे.

आता कपड्यांचे. गडद रंग घाला. पांढरा, फिका पिवळा, मोतिया नको. साडी असेल तर जांभळी, हिरवी, कशीही चालेल, काठ चमकणारा नसला म्हणजे झाले. कुंकू किंवा टिकली लावायला काहीच हरकत नाही, ती आपल्या रोजच्या चेहऱ्याचा भाग आहे. फक्त खड्यांची चमकणारी टिकली त्या दिवशी नको. मोठ्या नथीने ओठ झाकतो, ती काढून ठेवा. रोजची चमकी राहू द्या. कपाळावर बटा येत असतील तर मागे घ्या, डोळ्यांवर एकही केस नको.

टोपी आणि फेटा चालत नाही. मग तो पुणेरी असो वा कोल्हापुरी. डोके झाकण्याची मुभा फक्त धार्मिक कारणासाठी आहे, आणि तेव्हाही हनुवटीच्या टोकापासून कपाळाच्या वरपर्यंत आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा स्वच्छ दिसायला हव्यात. दापोली, श्रीवर्धन, रत्नागिरीकडच्या आपल्या अनेक भगिनी ओढणी किंवा स्कार्फ घेतात; त्यांनी तो कपाळावरून थोडा मागे आणि गालांवरून थोडा बाहेर घ्यावा, आणि पांढऱ्याऐवजी गडद रंगाचा निवडावा. त्याची सावली चेहऱ्यावर पडते का, एवढे आरशात बघावे.

आजीचा प्रश्न वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुवेतने कौटुंबिक व्हिजिट व्हिसा पुन्हा सुरू केला, आणि आई-वडिलांना बोलावण्याची किती वर्षांची तहान भागली. पण गावाकडच्या आजी फोटो म्हटले की डोक्यावर पदर घेतात, आणि पदर पुढे ओढून घेतला की अर्धे कपाळ गडप. व्हिडिओ कॉलवर समजावताना "पदर काढ" म्हणू नका. त्या आयुष्यभर काढत नाहीत, कॅमेऱ्यासाठी का काढतील? "आई, पदर जरा मागे घे, तुझं कपाळ दिसू दे" असे म्हणा. दुसरी अडचण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या काळ्या चष्म्याची. तो काढायला सांगा, आणि डोळे दुखत असतील तर चार दिवस थांबा.

सगळ्यांत अवघड गिऱ्हाईक म्हणजे तान्हे बाळ. इथे जन्मलेल्या बाळाचा पासपोर्ट आणि मग इकामा चार महिन्यांच्या आत व्हायला हवा, नाहीतर दंड सुरू होतो. म्हणजे जन्मदाखला, दूतावासातली नोंद, पासपोर्ट, या सगळ्याला मिळून एवढाच अवधी. आणि या वयाच्या बाळाला मान धरता येत नाही. बाळाला गादीवर पांढऱ्या, ताणून घातलेल्या चादरीवर उताणे झोपवा. पोट भरलेले, झोप झालेली, अशी वेळ निवडा. आईने डोक्याच्या बाजूला नव्हे, पायांच्या बाजूला उभे राहून हाक मारावी, म्हणजे नजर सरळ येते. खेळणे, बाटली, चोखणी, आजीचा आधाराचा हात, काही चौकटीत येता कामा नये. काजळाचे तीट त्या दिवशी लावू नका. दृष्ट लागायची काळजी असेल तर तळपायाला लावा, तिथे कॅमेरा जात नाही. पन्नास फोटो काढा, त्यांतला एक बसेल. फ्लॅश मात्र नाही. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असल्यामुळे ही कसरत लवकरच पुन्हा येणार आहे, एवढे ध्यानात असू द्या.

बारावीनंतर बाहेर शिकायला निघालेल्या मुलांसाठी थोडे. एकच फोटो सगळीकडे चालतो हा समज सोडा. अमेरिकेला अजूनही दोन इंची चौकोनीच लागतो. त्यात डोके २५ ते ३५ मिलिमीटर, म्हणजे आपल्यापेक्षा बरेच लहान. फोटो सहा महिन्यांच्या आतला हवा, आणि १ नोव्हेंबर २०१६ पासून तिथेही चष्मा बंद. शेंगेन देशांना ३५ गुणिले ४५, पण चेहरा ३२ ते ३६ मिलिमीटर. ब्रिटिश पासपोर्टचा फोटो त्याच मापाचा, पण मागे फिका करडा किंवा क्रीम रंग. कॅनडाचे नागरिक झालेल्यांना पासपोर्टसाठी ५० गुणिले ७० मिलिमीटरचा भलामोठा फोटो लागतो. यावर उपाय सोपा आहे: एकदाच, नीट उजेडात, कडेने भरपूर जागा सोडून मोठा फोटो काढा आणि मूळ फाइल जपा. मग ज्या देशाला जसा हवा तसा त्यातून कापता येतो. लहान कापलेला मात्र पुन्हा मोठा होत नाही.

मूळ फाइल जपा म्हटले, त्याला आणखी एक कारण आहे. २ ऑगस्ट १९९० नंतरचे दिवस पाहिलेली मंडळी आपल्यात अजून आहेत. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या काही आठवड्यांत सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी मायदेशी गेले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या हातात पासपोर्ट नव्हता. तो मालकाच्या किंवा कंपनीच्या बंद कपाटात होता. आता काळ बदलला आहे. मार्च २०१९ पासून इकाम्याचे स्टिकरही पासपोर्टवर लागत नाही, सगळी नोंद सिव्हिल आयडीवर. तरीही घरातल्या प्रत्येकाच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत, आणि एक चालू मापाचा फोटो, स्वतःच्या ईमेलमध्ये आणि गावाकडच्या एका विश्वासू माणसाकडे असू द्या. पासपोर्ट हरवला आणि तातडीने परतायची वेळ आली, तर दूतावासाच्या इमर्जन्सी सर्टिफिकेटलाही फोटो लागतोच.

आणि ज्यांच्या घरी चांगला मोबाइल नाही, सहाजण एका खोलीत राहतात, त्यांच्यासाठी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात दाराशी एक खुर्ची, एक पांढरा पडदा आणि कॅमेरा हाताळता येणारी दोन मुले बसवता येतील. आपल्या शाळकरी मुलांना हे काम आवडेल. गणपतीत प्रसादाची रांग त्यांनी सांभाळली होती, ही रांग त्याहून सोपी आहे.

तोवर एक काम आजच करा. फराळाची भांडी आवरली की घरातले सगळे पासपोर्ट काढून टेबलावर मांडा आणि मुदतीची तारीख बघा. भारतीय पासपोर्टचा नवा अर्ज मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. ज्याची तारीख पुढच्या दिवाळीच्या अलीकडे आहे, त्याला खिडकीजवळ उभे करा, चष्मा काढायला सांगा, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ वाजता पडदा ओढून घ्या.